चार-पाच दिवसांच्या रजेत पहिली पायी वारी: कुठून निघावं, कुठे थांबावं

ज्येष्ठ लागला की ओळखीपाळखीतून दरवर्षी हाच प्रश्न येतो. "वारीला यायचं आहे, पण अठरा-वीस दिवस कुठून आणू? चार दिवस मिळतील. तेवढ्यात काय होईल?"

चार दिवसांत पुष्कळ होतं. अट एवढीच की ते चार दिवस सलग हवेत. पुष्कळजण एक रविवार आळंदी-पुणे चालतात, आठवड्याने गाडीने जाऊन रिंगण (वारकऱ्यांच्या मधून अश्व धावतो तो सोहळा) पाहतात आणि एकादशीला बसने पंढरपूर गाठतात. त्यात दर्शन घडतं, पण पाय रस्त्याला सरावायच्या आत परतीची गाडी येते. पहिल्या दिवशी आपण पाहुणे असतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि घर आठवतं. तिसऱ्या पहाटे कुणी न उठवता जाग येते, आपली पथारी आपणच गुंडाळून ट्रकपाशी नेतो आणि शेजारची आजी आपल्याला नावाने हाक मारते. तो तिसरा दिवस पदरात पडेल असा बेत आखायचा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी पंचांग, मग रजेचा अर्ज

माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, तुकोबांची देहूहून आदल्या दिवशी, सप्तमीला. दोन्ही पालख्या आषाढ शुद्ध नवमीला वाखरीत, पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, पोचतात आणि दशमीला पंढरपुरात. तिथी ठरलेल्या असल्या तरी तारखा दरवर्षी हलतात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, मध्ये आलेल्या अधिक महिन्यामुळे २०२४ मध्ये १७ जुलैला गेली आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा पाहून रजा टाकू नका. आळंदी-देहूची संस्थानं दरवर्षी मुक्कामांचं वेळापत्रक आधीच जाहीर करतात. ते हातात आल्यावरच अर्ज करा.

या वेळापत्रकात एक खाच असते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली, म्हणजे एखादी तिथी गळली किंवा दोन दिवस आली, की मधल्या एखाद्या गावचा मुक्काम कमी-जास्त होतो. लोणंदला पालखी कधी एकच रात्र थांबते, कधी दोन. लोणंदहून निघायचा बेत असेल आणि हे पाहिलं नसेल, तर तुमचा रजेचा एक दिवस तळावर बसून जाईल किंवा पालखी पुढे गेलेली असेल. शेवटचा टप्पा चालणार असाल तर दशमीपासून मागे मोजत या. ते टोक पक्कं असतं.

सहा दिवस मोकळे असतील तर चालायला चारच धरा. एक जायला आणि एक परत आल्यावर घरी पाय वर करून पडायला. हा शेवटचा दिवस लोक हमखास कापतात. चार दिवस चालून रात्रीच्या बसने येऊन सकाळी कामावर गेलेल्या माणसाला आठवडाभर धड जिना उतरता येत नाही.

कोणता तुकडा निवडावा

आळंदी ते पंढरपूर हा माउलींचा रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा. त्यातला सगळ्यात गाजलेला टप्पा पुणे ते सासवड, कारण त्यात दिवे घाट आहे. घाटातून वर चढणाऱ्या पताकांचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत असतं, म्हणून पहिल्यांदा येणारे त्याच दिवसावर बोट ठेवतात. मीही तेच केलं होतं. पण तो सगळ्या वाटेतला सर्वांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास. गर्दी शहराची, चढ घाटाचा आणि त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असल्याने उपास. मला हडपसरच्या पुढेच टाचेला फोड आले. सासवडला पोचले तेव्हा तळ कुठे आहे हे पाहण्याचंही त्राण उरलं नव्हतं, त्याच रात्री परत फिरले. तेव्हापासून मी सांगते: दिवे घाट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

तीनच दिवस असतील तर सासवड ते लोणंद. पहिल्या दिवशी जेजुरी, साधारण सोळा-सतरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी वाल्हे, बारा-तेरा. तिसऱ्या दिवशी लोणंद, वीसच्या आसपास. लहान-मोठे असे हे टप्पे नवख्या पायांना झेपतात. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला जातो आणि लोणंदच्या वाटेवर नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा लागतो. शिवाय जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज मार्गावरची रेल्वे स्थानकं आहेत. मध्येच कुणाला त्रास झाला तर घरी परतायची सोय जवळ असते. घरचे काळजीत असतील तर हे त्यांना आवर्जून सांगा.

चार दिवस असतील तर मी लोणंद ते नातेपुते सुचवते आणि मनापासून सुचवते. पहिला दिवस तरडगावपर्यंत जेमतेम आठ किलोमीटरचा, त्यात वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, म्हणजे रस्त्यावरच वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो ते. म्हणजे आल्याबरोबर रिंगण पाहायला मिळतं आणि पाय थकत नाहीत. दुसऱ्या दिवशी फलटण, एकवीसच्या आसपास. तिसऱ्या दिवशी बरड, अठरा. चौथ्या दिवशी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरून नातेपुते, पुन्हा एकवीसच्या घरात. या पट्ट्यात शहराची हौशी गर्दी ओसरलेली असते आणि शेवटच्या दिवसांची दाटी अजून झालेली नसते. दिंडीत कोण कुठे चालतं, वीणा घेऊन चालणारा विणेकरी कुणाला डोळ्याने खुणावतो, टाळकऱ्यांची रांग कशी वळते, हे नीट पाहायला इथे सवड मिळते.

पाच-सहा दिवस असतील आणि पंढरपूर गाठायचंच असेल तर नातेपुत्याहून निघा. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर, मिळून पाऊणशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पहिले तीन दिवस अठरा ते एकवीस किलोमीटरचे, मग वाखरीचा आणि पंढरपूरचा टप्पा छोटा. मैदानात वर्तुळ करून होणारी गोल रिंगणं याच भागात होतात: सदाशिवनगरच्या बाजूला पुरंदावडे, मग खुडूस, शेवटी वाखरीजवळ बाजीराव विहीर. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. सगळा समाज त्या उतारावरून पळतो. गुडघे दुखत असतील तर तुम्ही रस्त्याच्या कडेने चालत उतरा, कुणी काही म्हणत नाही. या टप्प्याची किंमत म्हणजे गर्दी. वाखरीत सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, पाण्यापासून झोपायच्या जागेपर्यंत सगळीकडे दाटी होते. ज्यांना गर्दीत जीव घाबरतो त्यांनी पहिल्या वर्षी इथे येऊ नये.

तुकोबांच्या वाटेवर चालायचं असेल तर बारामती ते इंदापूर हा तुकडा बघा. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीला गोल रिंगण. बारामतीपर्यंत रेल्वे आहे.

दिंडी गाठायची कशी

एकट्याने, दिंडीशिवाय चालणारेही हजारो असतात. पण पहिल्यांदा आणि थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याने दिंडी धरावी. सामान ट्रकमधून जातं, जेवणाची पंगत ठरलेली असते, रात्री पाठ टेकायला तंबूत जागा असते. त्याबदल्यात भिशी, म्हणजे या खर्चातला आपला वाटा, भरायची. आपल्या गावातून, नात्यातून, शेजारून एखादी तरी दिंडी जात असते. विचारलंत की सापडते. निदान दीड महिना आधी दिंडीप्रमुखांना फोन करा, जमलं तर भेटूनच या.

त्यांना हे विचारा. मधूनच येऊन मधूनच जाणारा माणूस चालेल का आणि भिशी दिवसांवर घेता की पूर्ण? दिंडी पालखीच्या रथाच्या पुढे चालते की मागे, तिचा क्रमांक किती? मुक्काम तंबूत, शाळेत की कुणाच्या वाड्यात? बायकांच्या अंघोळीची सोय काय? ताट-तांब्या स्वतःचा आणायचा का? ट्रकवाल्याचा आणि तळ सांभाळणाऱ्याचा नंबर कोणता? शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात आणि संध्याकाळी हजारो तंबूंत आपला तंबू शोधत फिरतात.

भिशी आधी भरा. शिधा मोजून भरलेला असतो, ऐनवेळी वाढलेल्या चार माणसांचा भार स्वयंपाक करणाऱ्या बायकांवर पडतो.

आणि तुम्हीही त्यांना तुमचं खरं सांगा: रक्तदाब, साखर, गुडघे, रात्रीच्या गोळ्या. दिंडीत लपवून काही साधत नाही.

सराव

सहा ते आठ आठवडे हवेत. आठवड्यातून तीन दिवस चार-पाच किलोमीटर आणि रविवारी एक लांब फेरी. ती आठपासून सुरू करून हळूहळू पंधरापर्यंत न्या. निघण्याच्या दोन आठवडे आधी शनिवारी पंधरा आणि रविवारी पुन्हा पंधरा चाला. खरी परीक्षा त्या रविवारची असते. एक दिवस पंधरा किलोमीटर कुणीही रेटून नेतो, दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी उभं राहणं वेगळं.

सराव बागेतल्या मातीवर करू नका. वारीचा रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे आणि तो तळव्याला मार देतो. आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती: दिंडीची चाल संथ असते. अभंगाच्या लयीत पावलं पडतात, मध्ये थांबावं लागतं, पुढच्या दिंडीसाठी अर्धा तास उभं राहावं लागतं. वीस किलोमीटरला पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेळ लागतो. भराभर चालायची सवय असलेल्यांची कंबर या उभं राहण्यानेच जाते. म्हणून लांब फेरीत मुद्दाम दर तासाला दहा मिनिटं उभे राहा, बसू नका.

शेवटच्या चार दिवसांत सराव थांबवा.

पायांबद्दल थोडं जास्त

नवे बूट घालून येऊ नका. सरावात शंभरेक किलोमीटर चाललेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले बूट हवेत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. पाऊस ठरलेलाच. भिजलेला बूट रात्रीतून वाळत नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर बरंच पाणी शोषलं जातं. माझ्याकडे बुटाच्या जोडीला मागे पट्टा असलेल्या जुन्या सँडल असतात. पाऊस लागला की मी त्या घालते, पाय भिजतो तसा वाळतोही. नुसत्या चपलेवर लांब टप्पा चालू नका, बोटं आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्या भरून येतात. अनवाणी चालायचा संकल्प असेल तर तो घरूनच महिनोन्महिने सवय केलेल्यांसाठी आहे.

फोड अचानक येत नाही. आधी तिथे चटका बसल्यासारखं, गरम वाटतं. ते वाटताच बाजूला व्हा, मोजे काढा, पाय कोरडा करा, त्या जागी चिकटपट्टी लावा. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की पुढच्या विसाव्यापर्यंत फोड तयार. रोज सकाळी बोटांच्या मध्ये आणि टाचेला पेट्रोलियम जेली चोळा, मांड्या घासत असतील तर तिथेही. दुपारच्या विसाव्याला मोजे बदला, सकाळचे पिशवीला बाहेरून बांधून वाळवा. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, तीच खालच्या जखमेचं झाकण असते. फुटला तर स्वच्छ धुऊन झाका. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र फोडाला स्वतः हातच लावू नये. वाटेवर वैद्यकीय पथकं जागोजागी असतात, तिथे दाखवा.

संध्याकाळी तळावर पोचल्यावर पहिलं काम पायांचं. धुवायचे, पुसायचे, उघडे ठेवायचे, भिंतीला टेकवून पंधरा मिनिटं वर करायचे. चहा त्यानंतर.

सामान

दोन पिशव्या. एक ट्रकमध्ये जाणारी, दुसरी खांद्यावरची. ट्रकमधली पिशवी संध्याकाळशिवाय हाताला लागत नाही, हे लक्षात ठेवून वाटणी करा.

खांद्यावर दोन-अडीच किलोंपेक्षा जास्त नको: पाण्याची बाटली, पावसाचं पांघरूण, मोज्यांची जोडी, चिकटपट्टी, दिवसाच्या गोळ्या, ओआरएसची पुडी, सुटे पैसे, रुमाल, टोपी आणि एका कागदावर तुमचं नाव, घरचा नंबर, दिंडीचा क्रमांक. हा कागद प्लास्टिकमध्ये घाला. गर्दीच्या गावांत मोबाइल लागत नाही आणि अशा वेळी तो कागदच कामी येतो. पावसासाठी रेनकोटपेक्षा डोक्यावरून घ्यायचं मोठं प्लास्टिक बरं, वारा खेळतो, पिशवीही झाकली जाते.

ट्रकच्या पिशवीत पातळ, लवकर वाळणारे कपड्यांचे तीन जोड. जीन्स आणू नका, भिजली की तिचं ओझं होतं आणि ती चार दिवस वाळत नाही. सतरंजी, हलकं पांघरूण, खाली अंथरायला प्लास्टिक, विजेरी, दोरी, ताट-वाटी-तांब्या, अंघोळीची चप्पल. कपडे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, कारण ट्रक पावसात भिजतो. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव आणि दिंडीचा क्रमांक लिहा. दागिने घरी ठेवा.

पोचायचं कसं, निघायचं कसं

ज्या गावाहून चालायचं तिथे आदल्या संध्याकाळी पोचा. पालखी आलेल्या गावाचे रस्ते वाहनांना बंद असतात, वाहतूक वळवलेली असते. शेवटचे चार-पाच किलोमीटर पायी जावं लागेल असं धरून निघा आणि शक्यतो पालखी दुपारी पोचायच्या आत या. शक्य असेल तर पुढच्या गावाच्या बाजूने शिरा, मागच्या रस्त्यावर दिंड्या असतात. लोणंदला रेल्वेने येणं सगळ्यात सुटसुटीत.

परत निघताना मुक्कामाच्या रात्री घाई करू नका. रात्र तळावरच काढा. सकाळी पालखी पुढे गेली की दोन-तीन तासांत गाव मोकळं होतं, एसटी सुरू होते आणि बसायला जागा मिळते. निघण्याआधी दिंडीप्रमुखांना आणि विणेकऱ्यांना नमस्कार करून, सांगून जा. न सांगता गेलेल्या माणसासाठी संध्याकाळी सगळी दिंडी काळजी करत बसते.

तळावर आणि वाटेवर

बायकांनी अंघोळीसाठी तीनच्या आत उठलेलं बरं, नंतर टँकरपाशी रांग लागते. पथारी आवरून ट्रकला दिली की दिंडी निघते. सकाळचे अभंग क्रमाने होतात, संध्याकाळी हरिपाठ. शब्द येत नसतील तर टाळी वाजवा, चौथ्या दिवशी ओळी आपोआप तोंडात येतात. हरिपाठाची छोटी पोथी जवळ ठेवलीत तर फार चांगलं.

काही गोष्टी सांभाळा. दोन दिंड्यांच्या मधून किंवा टाळकऱ्यांच्या रांगा तोडून पलीकडे जाऊ नका. विण्याच्या पुढे चालू नका. फोटोसाठी कुणाला थांबवू नका. वाटेवर गावकरी केळी, चहा, भाकरी हातात देतात. लागेल तेवढंच घ्या, उरलेलं मागच्याला द्या, केळीची साल रस्त्यावर टाकू नका. मागून येणारा अनवाणी असू शकतो. पोट जपायचं असेल तर उघड्यावरचं कापलेलं फळ टाळा आणि पाण्याची बाटली दिंडीच्या टँकरवरच भरा. सगळ्यांना माउली म्हणायचं, लहान-मोठा भेद नाही. कुणी पायाला हात लावला तर संकोचून मागे सरू नका, आपणही वाकायचं.

माउलींच्या तळावरची समाजआरती एकदा तरी जवळून अनुभवा. हजारो टाळ वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड वर उचलतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू तिथे पुकारतात. तुमची पिशवी हरवली असेल तर तिथेच कान देऊन उभे राहा.

पंढरपुरात पोचलात तर

पदस्पर्श दर्शनाची रांग आषाढीला कित्येक तास चालते, गोपाळपूरच्याही पुढे जाते. चार-पाच दिवस चाललेल्या पायांनी आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवून त्या रांगेत उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चंद्रभागेत स्नान करा, नामदेव पायरीला डोकं टेकवा, समोरच चोखोबांची समाधी आहे तिथे थांबा, कळसाचं दर्शन घ्या. एकादशीला दिंडीबरोबर नगरप्रदक्षिणा करा. असंख्य वारकरी वर्षानुवर्षं कळसाला हात जोडूनच परततात. पायावर डोकं ठेवायचं असेल तर पुढे एखाद्या साध्या दिवशी निवांत या.

चंद्रभागेत उतरताना पाण्याला किती ओढ आहे ते काठावरच्या माणसाला विचारा, पुढे जाऊ नका. परतीचं तिकीट द्वादशीचं काढा. एकादशीच्या रात्री बस स्थानकावर उभं राहायलाही जागा नसते.

पुढच्या वर्षासाठी

घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांतच एका वहीत लिहून ठेवा: कुठे थांबलो, कोणतं सामान वापरलंच नाही, कोणत्या दिवशी पाय गेले, कुणाचा नंबर घ्यायचा राहिला. मग जिथे थांबलात तिथून पुढच्या वर्षी उचला. सासवड ते लोणंद, लोणंद ते नातेपुते, नातेपुते ते पंढरपूर, असं तीन वर्षांत सासवडपासून पुढची सगळी वाट पायांखालून जाते. मग एका वर्षी आळंदीला प्रस्थानाला जायचं, पुण्याचा मुक्काम करायचा आणि सरावलेल्या पायांनी दिवे घाट चढायचा. दिंडीप्रमुखांना निघतानाच सांगून ठेवा की पुढल्या वर्षी अमुक गावाहून येतो. ते लक्षात ठेवतात, आणि चैत्रात त्यांचाच फोन येतो.